कांगड्याचे मीठ आणि वाढते वजन

पठाणकोटहून कांगड्याकडे निघालात, की डाव्या हाताला धौलाधारची हिमशुभ्र भिंत उभी राहते. पायथ्याशी भातखाचरे, पालमपूरला चहाचे मळे. ज्वालामुखी आणि चामुंडा या देवींच्या दर्शनाला आपल्याकडचे यात्रेकरूही येथे येतात. या हिरव्यागार भूमीत एक उणीव होती, ती मात्र डोळ्यांना दिसत नाही. युगानुयुगांच्या बर्फाने आणि पावसाने मातीतील आयोडीन धुऊन नेले. ते धान्यात उतरेना आणि माणसांच्या गळ्यावर गलगंड दिसू लागले.

१९५६ साली डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या खोऱ्याचे तीन विभाग केले. दोन विभागांना आयोडीनयुक्त मीठ दिले, तिसऱ्याला साधे. काही वर्षांतच पहिल्या दोन विभागांतील गलगंड ठळकपणे घटला. १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, त्याला याच खोऱ्याचा आधार होता.

आपण विचाराल, याचा आमच्या वजनाशी संबंध काय? आयोडीन फारच कमी पडले, तर थायरॉईड ग्रंथी मंदावते आणि वजन वाढते, हे खरे. परंतु ही वाढ बहुधा दोन ते पाच किलोंची, आणि तीही मुख्यतः अंगात साठलेल्या क्षाराची व पाण्याची. वीस किलोंचे ओझे एकट्या थायरॉईडच्या माथी मारणे अन्यायाचे होय. उलट, स्थूलतेमुळेच रक्तातील टीएसएच किंचित वाढलेले आढळते आणि वजन उतरले की पुष्कळदा तेही उतरते.

म्हणूनच वजन घटवण्यासाठी समुद्री शेवाळाच्या गोळ्या घरात आल्या असतील, तर वडीलधाऱ्यांच्या हाती देण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवा. उतारवयात थायरॉईडमध्ये गाठी असल्यास जादा आयोडीनने ती उसळू शकते, हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात. काहींची ग्रंथी उलट मंदावते. हृदयासाठी अमिओडॅरोन घेणाऱ्यांच्या शरीरात तर आधीच भरपूर आयोडीन जात असते.

प्रौढाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरते. रक्तदाबासाठी मीठ कमी करायचे असेल तर अवश्य करावे, मात्र जे खाल ते आयोडीनयुक्त असावे. कांगड्याशेजारच्या मंडी जिल्ह्यात द्रंग आणि गुम्मा येथे खनिज मिठाच्या खाणी आहेत. तसले सैंधव प्रवासाची आठवण म्हणून जरूर आणा, उपवासाला वापरा. त्यात आयोडीन मिसळलेले नसेल, तर रोजच्या स्वयंपाकाच्या मिठाची जागा मात्र त्याला देऊ नका.