नाणें वाजवून घ्यावें

रुपया हातीं आला म्हणजे तो दगडावर आपटून त्याचा नाद ऐकावयाचा आणि मगच गल्ल्यांत टाकावयाचा, ही जुन्या दुकानदारांची रीत होती. नाद बद्द आला कीं रुपया परत. देणारा कितीही प्रतिष्ठित असो, या परीक्षेनें कोणाचा अपमान होत नसे. कारण परीक्षा माणसाची नसून धातूची आहे, हें उभयतांस ठाऊक असे. पुढें १९४० त रुपयांतील चांदी निम्म्यावर आली, १९४७ त ती अजिबात गेली, आणि नादाबरोबर वाजवून घेण्याची संवयही हळूहळू सुटली. ती नाण्यांपुरतीच सुटली असती तर आम्हांस फारसें वाईट वाटलें नसतें. पण कानावर येणारी बातमी वाजवून घेण्याची रीतही तिच्याबरोबरच उठली असावी, अशी शंका आम्हांस अलीकडे वारंवार येऊं लागली आहे.

आम्हांस जुनीं नाणीं जमविण्याचा छंद आहे. पेठ वडगांवच्या रहिवाशास तो जडावा यांत नवल नाहीं. सेनापति धनाजी जाधवांची समाधि आमच्या गांवीं आहे. १७३१ च्या तहानें साताऱ्याचें व कोल्हापूरचें राज्य जिच्या कांठानें वेगळें झालें ती वारणा येथून दूर नाहीं. आणि गांवाच्या नांवांतच ‘पेठ’ असल्यामुळें देवघेव पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. तांब्यापितळेच्या मोडींत एखादी शिवराई निघावी, दुकानदारानें ती आमच्यासाठीं बाजूस काढून ठेवावी, आणि आम्हीं ती घरीं आणून भिंगाखालीं धरावी, असा हा साधा व्यवहार आहे. घरच्या मंडळींच्या मतें याहून स्वस्त आणि याहून निरुपयोगी छंद दुसरा नसेल. दोन्ही विशेषणें आम्हांस मान्य आहेत.

नाण्यांचा सहवास वाढला तशी एक गोष्ट आमच्या ध्यानांत आली. नाणेंसुद्धां बेधडक थापा मारतें. एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ हीं अक्षरें दिसलीं कीं कोणाही मराठी माणसाचा हात आपोआप कपाळाकडे जातो. परंतु १६८० त महाराजांचें निधन झाल्यावरही शंभराहून अधिक वर्षें त्याच अक्षरांच्या शिवराया पडत राहिल्या. पेशवाईंतील दुदांडी शिवराईवरही नांव शिवरायांचेंच. त्याच पेशवाईंत पुण्याचा अंकुशी रुपया मात्र दिल्लीच्या बादशहाच्या नांवानें पडे. कंपनी सरकारनें तर कमाल केली. बंगालमधील तिच्या सिक्का रुपयावर शाहआलम बादशहाच्या कारकीर्दीचें १९ वें वर्ष आणि मुर्शिदाबादची टांकसाळ, असा मजकूर असे. बादशहा १८०६ त वारला. पण कलकत्त्याच्या टांकसाळींत त्याचें १९ वें वर्ष १८३५ च्या सुमारापर्यंत संपलें नाहीं! या लबाडीसही कारण होतें. जुन्या सालचा रुपया सराफ बट्टा कापून घेत. सालच गोठवून टाकलें म्हणजे बट्ट्याचें निमित्त उरत नाहीं.

असें असूनही नाण्यांच्या थापांचा आम्हांस कधीं राग आला नाहीं. कारण नाणें स्वतःविरुद्धचा पुरावा स्वतःच अंगावर बाळगतें. वजन, धातु, अक्षरांचें वळण, सांपडल्याची जागा आणि सोबतचीं नाणीं, हे पांच साक्षीदार उलटतपासणीस घेतले कीं खरें काय तें बहुधा बाहेर येतें. याचें उत्तम उदाहरण आमच्या जिल्ह्यांतच आहे. कोल्हापुरास पंचगंगेच्या कांठीं ब्रह्मपुरीची टेकडी आहे. तेथें एकोणिसाव्या शतकांत जुन्या नाण्यांचा सांठा मिळाला, आणि पुढें १९४५-४६ त डॉ. सांकळिया व डॉ. दीक्षित यांनीं डेक्कन कॉलेजच्या वतीनें तेथें शास्त्रशुद्ध उत्खनन केलें. या भागांत ज्यांचीं नाणीं सांपडतात ते कुर राजे सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींचे. त्यांच्या नाण्यांवर एका बाजूस चैत्य आणि दुसऱ्या बाजूस धनुष्यबाण असतो. त्यांचा इतिहास सांगणारी पोथी नाहीं. मग त्यांचा क्रम कसा लागला? तर एकाच्या नाण्यावर दुसऱ्यानें आपला ठसा मारलेला आढळला. विळिवायकुराच्या नाण्यावर शिवलकुराचा ठसा, आणि या दोघांच्याही नाण्यांवर गौतमीपुत्र विळिवायकुराचा. खालचीं अक्षरें पुरतीं बुजलीं नाहींत, म्हणून आधीं कोण आणि मागून कोण हें अभ्यासकांस कळलें. नाशिक जिल्ह्यांत जोगलथेंबी येथें १९०६ त नहपान राजाचीं १३,००० हून अधिक रुप्याचीं नाणीं मिळालीं. त्यांपैकीं ९,००० हून अधिक नाण्यांवर विजयी गौतमीपुत्र सातकर्णीनें आपली खूण उमटविली आहे. तिच्याखालून नहपानाचा चेहरा अजून डोकावतो. दुरुस्ती करावी तर अशी करावी. पहिला मजकूरही दिसतो आणि तो कोणी बदलला हेंही दिसतें.

बातमीची दुरुस्ती या रीतीनें होत नाहीं. मूळ बातमी पहिल्या पानावर चौकटींत येते. खुलासा चार दिवसांनीं आंतल्या पानाच्या तळाशीं येतो, आणि पुष्कळदां येतच नाहीं. दहा रुपयांच्या नाण्याचें काय झालें तें वाचकांस आठवत असेल. अमुक छापाचें नाणें बंद झालें, तमुक बनावट आहे, अशी वार्ता तोंडोतोंडीं आणि फोनोफोनीं देशभर पसरली. नाण्यावरील किरण किती, रुपयाचें चिन्ह आहे कीं नाहीं, यावरून खरेंखोटें ठरूं लागलें, आणि भाजीवाले तें नाणें घेईनासे झाले. अखेर १७ जानेवारी २०१८ रोजीं रिझर्व्ह बँकेस जाहीर करावें लागलें कीं आजवर निरनिराळ्या १४ छापांचीं नाणीं काढलीं असून तीं सर्व चलनी आहेत. याच्या नेमका उलट प्रकार १८१८ सालच्या म्हणून मिरविल्या जाणाऱ्या ‘कंपनीच्या आण्या’चा. एका बाजूस ईस्ट इंडिया कंपनीचें नांव, दुसऱ्या बाजूस राम-सीता किंवा मारुति. वस्तुतः त्या वर्षीं कंपनीचें सर्व इलाख्यांस सारखें असें चलनच नव्हतें. तें आलें १८३५ त. जाणकार या वस्तूस नाणें मानीतच नाहींत. हौशी व भाविक लोकांसाठीं मागाहून केलेला तो टिकला आहे. तरी ‘दुर्मिळ नाणें, किंमत कोटींत’ अशी वार्ता तिच्याबद्दल पुनःपुन्हां येतेच. अशा रीतीनें सरकारी टांकसाळींतलें नाणें बाजारांत खोटें ठरलें आणि कोठल्यातरी कारखान्यांतला टिकला खरा ठरला. दोन्ही निवाडे बातमीनेंच दिले.

हा सगळा विनोदाचाच विषय राहिला असता. पण मध्यंतरीं आमच्या परिचयाचे एक शेतकरी गृहस्थ रुमालांत अकरा शिवराया बांधून आमच्याकडे आले. त्यांच्या आजीच्या देवघरांतील एका तांब्याच्या डबींत त्या कित्येक वर्षें पडून होत्या. ‘शिवकालीन नाण्यास लाखोंची किंमत’ अशा मथळ्याची बातमी त्यांनीं वाचली होती. मुलीच्या महाविद्यालयाची फी भरावयाची होती, आणि उसाचें बिल अद्याप हातीं आलें नव्हतें. बातमीबरोबर छापलेलें नाणें लखलखीत होतें, म्हणून यांनीं चिंच आणि राख लावून अकराही नाणीं घांसून काढलीं. पुढें फोनवर भेटलेल्या एका ‘खरेदीदारा’नें नोंदणीसाठीं म्हणून पांच हजार रुपये घेतले आणि तो नाहींसा झाला. आम्हीं नाणीं तोलून, निरखून पाहिलीं. सगळीं दुदांडी होतीं. पेशवाईच्या उत्तरकाळांतलीं, आजही सहज मिळणारीं. अकरांची मिळून किंमत फीच्या एका हप्त्याच्याही जवळ जाणारी नव्हती. तें सांगणें आम्हांस जड गेलें. गृहस्थ बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, “पण मास्तर, पेपरात आलंय की!”

या वाक्यास काय उत्तर द्यावें? छापील अक्षराचा मान राखावा, हें त्यांस शाळेनेंच शिकविलें होतें. निघतांना आम्हीं सहज विचारलें, “डबीत आणखी काही होतं का?”

“व्हती की एक जुनी चिठ्ठी, मोडीतली. वाचायला कुणाला येतंय? बंबात घातली.”

पांच हजार गेल्याचें दुःख त्यांस होतें. आम्हांस त्या चिठ्ठीचें अधिक झालें. त्या अकरा शिवराया कोणीं, कोणास, कशापोटीं दिल्या, आणि त्या मोडून न टाकतां देवाजवळ कां ठेवल्या, हें सांगणारा एकच साक्षीदार होता, आणि तो आंघोळीचें पाणी तापविण्यांत खर्ची पडला. बातमींत किंमतीचा आंकडा होता. नाणें घांसूं नये, सोबतचा कागद जपावा, एवढी एक ओळ तिच्यांत असती तर छापणाराचें कांहीं बिघडलें नसतें. जुन्या नाण्यांच्या खरेदीविक्रीसाठीं आपलें नांव वापरून शुल्क मागणाऱ्यांस बळी पडूं नका, असा इशारा रिझर्व्ह बँकेनें ४ ऑगस्ट २०२१ रोजीं दिला होता. पण तो या गृहस्थांच्या वाचनांत कधींच आला नव्हता. लाखांची बातमी घरोघर पोंचते, इशाऱ्यास वाट सांपडत नाहीं.

वर्तमानपत्रें वाचूं नयेत असें आमचें म्हणणें नाहीं. आम्ही स्वतः सकाळीं चहाबरोबर दोन वाचतों. परंतु नाण्यास जे प्रश्न विचारावयाचे तेच बातमीस विचारावे, एवढीच आमची विनंति आहे. ही कोठें सांपडली? कोणीं प्रत्यक्ष पाहिली? हिच्याबरोबर आणखी काय होतें आणि तें कां गाळलें? हिचें वजन कोणीं केलें? घरांतल्या वडील माणसांनीं मुलांसमक्ष हे प्रश्न मोठ्यानें विचारावे. म्हणजे उद्यां त्यांच्या हातीं एखादा जुना कागद आला तर तो बंबात जाण्यापूर्वीं मुलें क्षणभर थांबतील.

त्या अकरांपैकीं एक शिवराई ते गृहस्थ आमच्यासाठीं ठेवून गेले. घांसल्यामुळें तिच्यावरील ‘श्री’ गेली आहे आणि ‘राजा’ अर्धाच उरला आहे. आमच्या संग्रहांत प्रत्येक नाण्याचें निराळें पाकीट असतें आणि त्यावर माहिती लिहिलेली असते. या पाकिटावर आम्हीं वजन लिहिलें, डबीचें वर्णन लिहिलें, आजी दर दसऱ्यास तीं नाणीं पाण्यानें धुऊन पुन्हां डबींत ठेवीत असे, हें त्यांना आठवलें तेंही लिहिलें, आणि शेवटीं, सोबत एक मोडी चिठ्ठी होती, ती आतां नाहीं, असें नोंदवून ठेवलें.