चाळीची किंमत

भाजीवालीशी घासाघीस करणे मला आजवर जमलेले नाही. सांगितलेली किंमत मला त्या वस्तूच्या रंगासारखी, तिच्या अंगचीच वाटते. अशा माणसाला गेल्या पावसाळ्यात एका अख्ख्या चाळीची किंमत ठरवण्यासाठी पंच म्हणून बसावे लागले. आणि तेही ज्या चाळीत त्याचे स्वतःचे बिऱ्हाड आहे तिची!

चाळ गिरगावातली. तीन मजले, छत्तीस खोल्या, दोन जिने. त्यांतला एक टेकूंवर उभा. मालक माझा शाळासोबती. त्याचे वडील वारल्यावर दोन भाऊ आणि एक बहीण असे तिघे वारस राहिले. ताईला तिचा हिस्सा रोख देऊन मोकळे करावे, असे भावांचे मत. प्रश्न एवढाच, की किती? ‘मास्तर, तू दोन्हीकडचा आहेस, तू बस,’ असे मित्र म्हणाला, आणि मी बसलो.

व्हॅल्युअरने मांडलेला पहिला हिशेब माझ्या मॅट्रिकच्या गणिताला पेलण्यासारखा होता. छत्तीस खोल्या, सरासरी भाडे २०० रुपये. महिन्याचे ७,२०० आणि वर्षाचे ८६,४००. त्यांतून कर, झाडूवाला, पाण्याचा पंप, मेहताजींचा पगार वजा जाता उरले ३६,०००. आठ टक्क्यांनी एवढे उत्पन्न द्यायला जेवढे भांडवल लागेल तेवढी इमारतीची किंमत, म्हणजे साडेचार लाख. ताईचा हिस्सा दीड लाख. गिरगावात एवढ्या पैशांत बंद करून ठेवायला एक दारही मिळणार नाही, वाचकहो!

भाडे असे गोठले कसे, हा इतिहास आता मालकांइतकाच भाडेकरूंनाही पाठ आहे. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० चे भाडे हा दंडक धरला. कायदा तात्पुरता होता. पण मुदतवाढ घेत घेत तो अर्धे शतक जगला. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेल्या भाड्याच्या या तरतुदी आता वाजवी राहिल्या नाहीत असे सांगितले, तरी कायद्याची मुदत संपतच आली होती म्हणून त्या रद्द केल्या नाहीत. पुढे ३१ मार्च २००० पासून नवा कायदा आला. त्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली. दोनशेवर आठ रुपये! आमच्या कोपऱ्यावरचा चहादेखील त्याहून उदार हाताने वाढला आहे.

दुसरी किंमत सरकारी. म्हाडाच्या कायद्यात १९८६ साली एक प्रकरण घातले गेले. सत्तर टक्के रहिवाशांनी मागणी केल्यास उपकरपात्र इमारत संपादन करून त्यांच्या संस्थेला देता येते, आणि मालकाला मिळते मासिक भाड्याच्या शंभरपट रक्कम. आमच्या चाळीचे त्या हिशेबाने सात लाख वीस हजार. याच प्रकरणावरून निघालेला वाद नऊ न्यायाधीशांपुढे गेला आणि ५ नोव्हेंबर २०२४ रोजी बहुमताने निकाल झाला, की प्रत्येक खाजगी मालमत्ता समाजाची भौतिक साधनसंपत्ती ठरत नाही.

तिसरी किंमत बिल्डरच्या तोंडची, आणि ती कोटींत. जुन्या रहिवाशांना निदान ३०० चौरस फुटांची घरे द्यायची आणि उरलेले बांधकाम विकायचे. पण ही किंमत आजची नव्हे, ‘होईल तेव्हाची’. निम्म्याहून अधिक भाडेकरूंची संमती, परवानग्या, एखादा मनाईहुकूम, बिल्डरचे दिवाळे यांतून पार पडल्यावरची. व्हॅल्युअरने वाट पाहण्याचा व्याजदर बारा टक्के धरला. पाच वर्षांनी मिळणारा एक कोटी आज सुमारे सत्तावन्न लाखांचा. वीस वर्षांनी मिळणारा जेमतेम दहा लाखांचा. अनिश्चितता ही वाऱ्यासारखी गोष्ट अशी तराजूत पडलेली मी प्रथमच पाहिली. शास्त्र चोख होते. फक्त पाच की वीस हे त्या शास्त्राला ठाऊक नव्हते.

त्याच कागदावर उजवीकडे ‘भाडेकरूंच्या ताब्यामुळे वजावट’ असा रकाना होता. माझी आई, तिचे पितळी डबे, मुलाचे दहावीचे वर्ष, माझ्या अर्धवट कादंबऱ्या, सारे त्या वजावटीत होते. मला राग आला नाही. खरे म्हणजे थोडा अभिमानच वाटला. एवढी मोठी रक्कम माझ्या नावावर यापूर्वी कोणी लिहिली नव्हती.

भावांनी बहिणीपुढे ठेवला तो पहिला आकडा, आणि आपसांत बोलताना धरून चालले होते तिसरा. हे मी मित्राला त्याच्या देखतच बोलून दाखवले. मालकाशी बिघडणे भाडेकरूला परवडत नाही, हे ठाऊक असूनही बोललो. ताई तोवर गप्प होत्या. त्यांनी विचारले, ‘मास्तर, चाळ पडली तर दुरुस्तीला माझा तिसरा हिस्सा मागतील का हो हे?’ धाकटा म्हणाला, ‘मागणारच.’ ‘मग मला पैसे नकोत. मी पडेपर्यंत थांबेन.’

व्हॅल्युअरने आपली फी तिघांकडून सारखी घेतली. या महिन्याच्या भाडेपावतीवर मालक म्हणून तीन नावे आहेत. ताईंचे अजून रबरी शिक्क्यात बसलेले नाही; मेहताजी ते शाईने लिहितात.