चिरणं वेगळं, कापणं वेगळं

आमच्या धंद्यात लाकूड रेषेच्या दिशेनं चालवलं तर त्याला चिरणं म्हणतात आणि रेषा तोडून आडवं चालवलं तर कापणं. अहमदपूरच्या कुठल्याही जुन्या सुताराला ‘फळी चिरून दे’ म्हटलं की तो एक करवत उचलायचा, ‘कापून दे’ म्हटलं की दुसरी. माझ्या वडिलांच्या भिंतीला दोन्ही करवती टांगलेल्या असत. चिरायच्या करवतीचे दात मोठे, पटाशीसारखे सरळ धारेचे. कापायच्या करवतीचे बारीक आणि चाकूच्या टोकासारखे. तिफण असो की घराची चौकट, कुसू, म्हणजे दुसऱ्या लाकडाच्या भोकात बसणारं टोक, काढताना दोन्ही करवती लागायच्या.

टेबल सॉ आली, आणि हे शहाणपण आम्ही गुंडाळून ठेवलं. मशीनसोबत जे ब्लेड आलं, बहुतेक चाळीस दातांचं, तेच वर्षभर चालवायचं अशी सवय लागली. सांधा ढिला झाला की लाकडाला दोष द्यायचा, फेविकॉल जास्त ओतायचा, पाचर ठोकायची. मीही बरीच वर्षं हेच केलं. म्हणून हा लेख मुद्दाम सांध्यांपुरता लिहितो आहे.

कुसूपासून सुरुवात करू. कुसूला दोन गाल असतात आणि दोन खांदे. गाल रेषेच्या दिशेनं चिरले जातात, खांदे रेषा तोडून कापले जातात. म्हणजे एकाच कुसूत दोन्ही कामं आली. गालासाठी मी दहा इंची, चोवीस दातांचं ब्लेड लावतो. त्याचे दात सपाट माथ्याचे आणि वीसेक अंशांनी पुढे झुकलेले असतात, त्यामुळे ते रेषेतून तासत पुढे जातात. दातांमधली खोबण मोठी असल्यानं लांबलांब भुसा बाहेर पडतो आणि लाकूड करपत नाही. खांद्यासाठी साठ दातांचं. त्याचा एक दात डावीकडे उतरता, पुढचा उजवीकडे उतरता. बाजूची टोकं आधी रेषा तोडतात आणि मग मधलं लाकूड निघतं. चौकटीचा खांदा उभ्या लाकडावर टेकतो तिथे सगळ्यांची नजर जाते. तो कडेला फुटला की काम फुटलं.

साठ दातांच्या ब्लेडनं गाल चिरून पाहा. मोटर कण्हते, लाकडाला काळा डाग पडतो, ब्लेड तापून डुलायला लागतं आणि गाल वरखाली निघतो. दात जास्त म्हणजे ब्लेड चांगलं, असं दुकानात सर्रास सांगतात. सांध्याच्या कामात ते खरं नाही. किती दात आहेत याच्या आधी दाताचा माथा कसा आहे ते पाहायचं असतं.

हे मला एका गल्ल्याच्या पेटीनं शिकवलं. बाजारातल्या एका दुकानदाराला सागवानाची पेटी हवी होती, कोपऱ्यांना बोटांत बोटं अडकवल्यासारखा सांधा. मशीनवर चाळीस दातांचंच ब्लेड होतं. खाचा दिसायला सुंदर निघाल्या, पण पेटी जोडल्यावर प्रत्येक बोटाच्या टोकाशी बारीक काळी फट. मी आधी माझ्या मापाला दोष दिला. मग एक खाच उजेडाकडे धरली. तळ सपाट नव्हताच. डाव्या-उजव्या उतरत्या दातांनी दोन्ही कडांना दोन चऱ्या पाडल्या होत्या आणि मधे उंचवटा राहिला होता. समोरचं बोट त्या उंचवट्यावरच अडत होतं. चोवीस दातांचं सपाट माथ्याचं ब्लेड लावून पेटी पुन्हा केली. खाचेचा तळ आरशासारखा नसेना, पण सपाट निघाला आणि फट गेली.

म्हणून ज्या खाचेचा तळ उघडा दिसणार आहे, तिला सपाट माथ्याचाच दात हवा. अर्धा-अर्धा कोरून बसवायच्या सांध्यालाही तेच. रुंद खाच एका फेरीत पाडणारे ब्लेडांचे जोडसंच परदेशी पुस्तकांत दिसतात, पण आपल्याकडच्या बऱ्याच मशीनचा शाफ्ट आखूड असतो, नट पूर्ण बसत नाही. अर्ध्या आट्यांवर नट ठेवून असा संच फिरवू नका. एकच ब्लेड थोडं थोडं सरकवत चार फेऱ्या मारा. वेळ जातो, पण काम बिनघोर होतं.

पंचेचाळीस अंशांच्या कोपऱ्याला मात्र साठ किंवा ऐंशी दातांचं ब्लेड लावावं. सनमायका लावलेल्या प्लायला आणि एमडीएफला तर एक सपाट आणि एक कोपरे घासलेला अशा आळीपाळीच्या दातांचं ब्लेड बरं. कडा कमी उडते.

आता जाडी. पूर्ण जाडीचं दहा इंची ब्लेड साधारण 3.2 मिलिमीटरची चीर पाडतं, पातळ ब्लेड 2.4 च्या आसपास. आपल्याकडे संध्याकाळी व्होल्टेज उतरलं की लहान मोटर गुदमरते, तेव्हा पातळ ब्लेडचा मोह होतो. फळ्या चिरायला ते ठीक. पण तीन इंच उंच गाल चिरताना पातळ पत्रा बाजूला झुकतो, आणि अर्धा मिलिमीटर झुकला तरी कुसू भोकात हलते. सांध्याला मी पूर्ण जाडीचंच वापरतो आणि लाकूड हळू ढकलतो. डब्यावर छापलेल्या जाडीवरही विसंबू नये. वाया गेलेल्या तुकड्यात एक चीर पाडावी आणि कॅलिपरनं मोजावी. शाफ्ट किंचित डुलत असेल तर 3.2 चं ब्लेड 3.4 ची चीर पाडतं, आणि सांध्याचं गणित त्या दोन दशांशांवर उभं असतं.

आमच्या भागाची एक खास अडचण सांगितलीच पाहिजे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर दगडमातीच्या माळवदाखाली झोपायची लोकांना धास्ती बसली. पुढच्या काळात किती माळवदं उतरली, त्यांतले खांब, तुळया, किलचा निघाल्या. ते जुनं सागवान आजही वखारीत येतं. पिढ्यान्‌पिढ्या वाळलेलं, न वाकणारं, सांध्यासाठी याहून चांगलं लाकूड मिळणं कठीण. पण त्यात खिळे असतात, मोडून आत राहिलेले, वरून न दिसणारे. टीसीटी, म्हणजे टंगस्टन कार्बाइडची टोकं बसवलेल्या ब्लेडचा दात कठीण असतो तितकाच ठिसूळ. खिळ्यावर आदळला की तुकडा उडतो, आणि धार लावायला ब्लेड लातूरला नाहीतर नांदेडला पाठवून दिवस मोजत बसावं लागतं. मी प्रत्येक जुन्या तुळईवरून आधी चुंबक फिरवतो, मग दोन्ही बाजूंना रंधा मारतो. तोवर चांगलं ब्लेड मशीनला लावत नाही. पहिली चीर जुन्या, घासलेल्या ब्लेडनं.

बाभळीला वेगळी वागणूक लागते. ती ओली असली की चीर मिटते आणि ब्लेडला धरते. ब्लेडच्या मागे चीर उघडी ठेवणारी पत्ती काढून टाकायची वाईट सवय आपल्याकडे आहे. ओल्या बाभळीनं लाकूड मागे फेकताना एकदा पाहिलं की ती पत्ती कुणी काढणार नाही.

नव्यानं दोनच ब्लेडं घेणार असाल तर चोवीस सपाट आणि साठ उतरत्या दातांचं घ्या. चाळीसचं तिसरं परवडलं तर. घेताना मधलं भोक मोजून घ्या; 25.4 आणि 30 मिलिमीटर अशी दोन्ही मापं बाजारात मिळतात, आणि सैल भोकात कागद गुंडाळून बसवलेलं ब्लेड डुलणारच.

शेवटी तरुण पोरांना एक कळकळीची विनंती. साइटवर चार इंची मार्बल कटर प्लायखाली उलटा बांधून तुम्ही टेबल सॉ करता. तो मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे घेतो आणि त्याच्यावर ना झाकण असतं ना मागची पत्ती. ब्लेडवर कमाल फेरे छापलेले असतात, ते त्याहून कमी असतील तर ते ब्लेड त्या मशीनला लावू नका. आणि कुसू तर त्या उलट्या कटरवर कधीच काढू नका. त्या एका कामासाठी लाकूड उचलून माझ्याकडे किंवा जवळच्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये घेऊन या.