धायरीचा रस्ता, खडकवासल्याचा दगड आणि आपली वृत्तपत्रे

स्वारगेटहून धायरीची बस पकडली की ती सिंहगड रस्त्याला लागते. विठ्ठलवाडी, आनंदनगर, माणिकबाग, वडगाव बुद्रुक करीत धायरी फाटा येतो. सरळ गेले तर नांदेड गाव, किरकटवाडी, खडकवासला आणि पुढे सिंहगड. फाट्यावरून आत वळले की धायरी. रविवारी या रस्त्याने जाणारी बहुतेक कुटुंबे सरळ जातात. गडावर पिठले-भाकरी, येताना धरणावर भाजलेले कणीस आणि कांदाभजी, असा त्यांचा बेत ठरलेला असतो. त्यात वावगे काहीच नाही. परंतु आपल्या समाजबांधवांनी एखाद्या रविवारी आधी धायरीत उतरावे आणि मग धरणाकडे जावे, असे मला सुचवायचे आहे. कारण या एका रस्त्यावर आपल्या चळवळीच्या इतिहासाचे एक पान पडलेले आहे आणि ते आजही वाचून संपलेले नाही.

धायरी हे मूळचे शेतकऱ्यांचे गाव. डोंगराच्या कुशीत धारेश्वराचे देऊळ आहे. मळ्यांची नावे अजून तोंडी आहेत, मळे मात्र राहिले नाहीत. त्या जागी इमारती आल्या, वर डोंगराच्या उतारावर मोठी वसाहत झाली आणि २०१७ साली हद्दीजवळची अकरा गावे पुणे महापालिकेत आली, त्यांत धायरीही होती. मात्र इमारतींच्या मागे, धायरी-नऱ्ह्याच्या पट्ट्यात, दुसरी एक धायरी आहे. पत्र्याची शेड, आत एक-दोन लेथ, ड्रिलिंग मशीन, वेल्डिंगचा निळा प्रकाश आणि बाहेर लोखंडी सळ्या उतरवणारा टेम्पो. पुण्याच्या आसपास १९५० च्या दशकापासून मोठे कारखाने उभे राहिले. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, त्यामागून मोटारींचे आणि इंजिनांचे कारखाने आले. त्या कारखान्यांची नावे पेपरात येतात. त्यांना लागणारा बोल्ट, ब्रॅकेट आणि जाळी अशाच शेडमधून जाते. या शेडची नावे कुठेच येत नाहीत.

अशाच एका शेडमध्ये मी तासभर बसलो होतो. दोघांची भागीदारी आहे. एक आपला, आयटीआय केलेला, दुसरा साताऱ्याकडचा मराठा. दोघे एकाच कंपनीत कंत्राटी कामगार होते. तिथले काम सुटल्यावर दोघांनी मिळून एक जुना लेथ घेतला. भागीदारीपत्र निम्मे-निम्मे. एक मशीनवर, दुसरा ऑर्डरी आणि वसुलीवर. वसुलीची गोष्ट निघाली तेव्हा दोघेही एकदम बोलू लागले. लहान उद्योगाचे पैसे पंचेचाळीस दिवसांत द्यावेत असा २००६ पासून कायदा आहे, पण मागायला जावे तर पुढची ऑर्डर जाते.

निघताना मी आपल्या साप्ताहिकाची गोष्ट काढली. म्हटले, १४ एप्रिलच्या अंकाला तुमच्या वर्कशॉपची लहानशी जाहिरात द्या. साताऱ्याचा भागीदार लगेच म्हणाला, "छापा की, माझी काय हरकत?" आपला तरुण मात्र गप्प झाला. थोड्या वेळाने म्हणाला, "काका, घरच्या नावाने शुभेच्छा देतो. वर्कशॉपचं नाव नको. ऑर्डर देणारा कोण, कसा असेल, काय सांगावं?" त्याने वर्षाची वर्गणी तिथल्या तिथे काढून दिली. पत्ता मात्र घरचा लिहून दिला, शेडचा नाही.

या तरुणाला भित्रा ठरवणे सोपे आहे, पण मी ठरवणार नाही. परमपूज्य बाबासाहेबांनी परदेशातून उच्च शिक्षण घेऊन आल्यावर मुंबईत शेअर बाजाराविषयी सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईके यायची बंद झाली आणि तो व्यवसाय गुंडाळावा लागला. जिथे बाबासाहेबांच्या ज्ञानाला बाजाराने हा न्याय दिला, तिथे धायरीतल्या लेथवाल्याने दहा वेळा विचार केला तर नवल ते काय?

धायरी फाट्यावर परत येऊन खडकवासल्याकडे निघाले की मुठेचा उजवा कालवा या रस्त्याला सोबत करतो. हा कालवा आणि त्याचे मूळ असलेले खडकवासल्याचे धरण इंग्रजांच्या काळातले. १८६९ च्या सुमारास काम सुरू झाले आणि दहा-अकरा वर्षे चालले. फाइफ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची आखणी केली, म्हणून जलाशयाला लेक फाइफ म्हणत. पुणे शहर, लष्कराची छावणी आणि पूर्वेकडची शेती या पाण्यावर उभी राहिली. खडकीचा दारूगोळ्याचा कारखानाही १८६९ चाच. पुणे औद्योगिक शहर झाले ते पुढे, पण त्याचा पाया या पाण्यात आहे.

या कामाला दगड पुरवणाऱ्या ठेकेदारांत क्रांतिबा जोतीराव फुले होते. आपल्याकडे जोतीराव म्हटले की शाळा, हौद आणि सत्यशोधक समाज आठवतो, आणि ते योग्यच आहे. परंतु जोतीराव व्यापारी होते, हे आपण मुलांना सांगत नाही. पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनी या भागीदारीच्या कंपनीच्या कारभारात ते होते. सरकारी बांधकामांचे ठेके त्यांनी घेतले, ओतकामाच्या मुशी विकण्याची एजन्सी चालवली. मिशनच्या किंवा सरकारच्या पगारावर ते जगले नाहीत. म्हणून कोणालाही न भिता त्यांना लिहिता आले. ठेक्याच्या कामावरच त्यांनी पाहिले की इंजिनिअर खात्यातले कारकून मजुरांना आणि ठेकेदारांना कसे नाडतात, आणि ते त्यांनी आपल्या लेखनात मांडले.

ठेकेदारीचा हा पैसा आणि सत्यशोधकांचे वृत्तपत्र यांचा संबंध फार जवळचा आहे. मुंबईत कामाठी समाजातले मोठे तेलुगू ठेकेदार होते. व्यंकू बाळोजी काळेवार, रामय्या व्यंकय्या अय्यावारू ही त्यांतली नावे. या मंडळींनी सत्यशोधक समाजाला बाराशे रुपयांचा छापखाना भेट दिला. छापखाना आला तरी वृत्तपत्र लगेच निघाले नाही. शेवटी भांबुर्ड्याच्या कृष्णराव भालेकरांनी स्वतःच्या हिमतीवर १ जानेवारी १८७७ रोजी पुण्यात 'दीनबंधू' सुरू केला. ते दुष्काळाचे वर्ष. त्याच वर्षी धायरीपासून फार लांब नसलेल्या धनकवडीला सत्यशोधकांनी दुष्काळातल्या मुलांसाठी बालाश्रम काढला होता. ज्यांच्यासाठी पेपर काढला त्यांच्या घरात दाणा नाही, तिथे वर्गणी कोण देणार? तीन वर्षांत भालेकर थकले.

१८८० साली 'दीनबंधू' मुंबईला गेला, तो नारायण मेघाजी लोखंडे आणि रामजी संतूजी आवटे यांच्या खांद्यावर. पुण्यात जे जमले नाही ते मुंबईत का जमले? मला वाटते, गिरण्यांमुळे. मुंबईत महिन्याला पगार घेणारा आपला माणूस होता. तो अडाणी असला तरी शेजारी कोणी पेपर वाचून दाखवी. लोखंडे स्वतः गिरणीत स्टोअरकीपर होते. १८८४ साली त्यांनी गिरणी कामगारांची संघटना उभी केली, साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन दिले आणि १८९० साली रविवारची सुट्टी मिळवली. आज आपण ज्या रविवारी मुलांना घेऊन धरणावर जातो, तो रविवार या संपादकाने कामगारांना मिळवून दिलेला आहे. १८९७ च्या प्लेगात रुग्णांची सेवा करीत असताना लोखंडे गेले.

याच काळातली आणखी एक हकिकत. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात 'केसरी'चे टिळक आणि आगरकर यांच्यावर खटला झाला. तेव्हा जोतीरावांच्या सांगण्यावरून त्यांचे सहकारी रामशेठ उरवणे या व्यापाऱ्याने दहा हजार रुपयांचा जामीन दिला. दोघे तुरुंगातून सुटले तेव्हा सत्यशोधकांनी त्यांचे स्वागत केले. संपादक वेगळ्या मताचा असला तरी लेखणीवर बेडी नको, एवढे मोठे मन या ठेकेदार-व्यापाऱ्यांकडे होते. अडतीस वर्षांनी, १९२० साली, बाबासाहेबांच्या 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही छापायला 'केसरी'ने नकार दिला. बाबासाहेबांनी ही गोष्ट पुढे स्वतः लिहून ठेवली आहे. या दोन घटना मुलांनी शेजारी शेजारी ठेवून वाचाव्यात.

'मूकनायक'ला छत्रपती शाहू महाराजांनी अडीच हजारांची मदत केली, तरी १९२३ पर्यंत तो बंद पडला. महाडचा सत्याग्रह २० मार्च १९२७ ला झाला आणि दोनच आठवड्यांनी, ३ एप्रिलला, 'बहिष्कृत भारत' निघाला. त्याचे रकानेच्या रकाने बाबासाहेबांनी एकट्याने लिहून काढले. १९२९ मध्ये तोही थांबला. त्यानंतर 'जनता', आणि १९५६ साली 'प्रबुद्ध भारत'. लिहिणारा जगातला मोठा विद्वान, वाचणारा जिवापाड प्रेम करणारा, मग पेपर बंद का पडत? वर्गणीदार होते, जाहिरातदार नव्हते. ज्याच्याकडे दुकान, गोडाऊन, कारखाना होता त्याला आमचा पेपर नको होता, आणि आमच्याकडे दुकान नव्हते. याउलट भालेकरांचेच चिरंजीव मुकुंदराव पाटील यांनी नगर जिल्ह्यातल्या खेड्यातून 'दीनमित्र' १९१० पासून १९६७ पर्यंत चालवला. त्यांच्या पायाखाली शेती होती.

आता आमच्याकडे दुकान नाही असे म्हणता येत नाही. दलित उद्योजकांची डिक्की ही संघटना २००५ साली याच पुण्यात मिलिंद कांबळे यांनी स्थापन केली, आणि तेही बांधकामाचे ठेकेदार. जोतीरावांचाच धंदा म्हणायचा! धायरी, नऱ्हे, भोसरी या भागांत आपली मुले भागीदारीत यंत्रे घेत आहेत. पैसा थोडा का होईना आला आहे. शेडच्या पाटीवर नाव लिहिण्याची मोकळीक मात्र अजून यायची आहे. कायदा भागीदारीपत्रावर कोणाची जात विचारत नाही. ऑर्डर देणारा फोनवर आडनाव मात्र विचारतो.

खडकवासल्याला पोचल्यावर पाळीवर उभे राहून जलाशय पाहावा. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्याने हे धरणही फोडले आणि पुणे बुडाले. पुढे ते पुन्हा बांधले, म्हणून इथला प्रत्येक दगड जोतीरावांच्या काळातला आहे असे मुलांना सांगू नये. गर्दी चौपाटीवरच असते, तिथून थोडे बाजूला गेले की शांतता मिळते.

आणि पाण्याची बाटली घरून भरून न्यावी. जानेवारी २०२५ मध्ये गुइलेन-बॅरे सिंड्रोम या आजाराचे रुग्ण याच पट्ट्यात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, सिंहगड रस्ता इथे मोठ्या संख्येने सापडले. दूषित पाण्याकडे बोट दाखवले गेले. दीडशे वर्षे ज्या धरणाने छावणीला, शहराला आणि कारखान्यांना पाणी दिले, त्याच्या पायथ्याच्या वस्त्यांना शुद्ध केलेल्या पाण्यासाठी भांडावे लागले. त्या दिवसांत मोठ्या पेपरांनी बातम्या दिल्या आणि रुग्ण कमी झाल्यावर त्या आतल्या पानावर गेल्या. पाणी कुठल्या नळाला कसे येते हे महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा जाऊन विचारणारा पेपर हवा असेल तर तो कोणाच्या पैशाने चालावा?

धायरीच्या त्या तरुणाची वर्गणी जमा झाली आहे. अंक घरच्या पत्त्यावर जातो. त्याचा साताऱ्याचा भागीदार मागच्या महिन्यात फोनवर म्हणाला, "काका, तो अंक जेवणाच्या सुट्टीत शेडवरच आणतो. मीही वाचतो. जाहिरातीचे दर काय आहेत, ते एकदा कळवा."