अर्धं ओढलेलं शटर

नगरला झेंडीगेटजवळ अब्बांचं छोटं दुकान होतं. आपाचा निकाह ठरला तेव्हा अब्बा रात्री शटर अर्धं ओढून हिशेब करत बसत. बाहेर पाटीवर ठळक ७८६. आत जहेजसाठी केलेल्या उसनवारीची वही. घरी मात्र ते कधी काही बोलले नाहीत.

परवा शाळेत चित्रकलेच्या तासाला मी एक पुस्तक नेलं होतं. मुंबईच्या घाटकोपरचे चित्रकार अतुल डोडिया यांनी कॅनव्हासऐवजी दुकानाचं लोखंडी शटरच घेतलं आणि त्यावर एनॅमल रंगाने चित्रं काढली. २००१ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये त्यांची शटरं मांडली गेली. त्यांच्या 'महालक्ष्मी' या शटरवर राजा रविवर्मांच्या चित्रातल्यासारखी लक्ष्मी आहे. शटर वर सारलं की मागे हुंड्यापायी गळफास घेतलेल्या तीन बहिणी दिसतात.

कॅनव्हासवर हे साधलं नसतं. शटर हे झाकण्यासाठीच असतं, आणि आतलं पाहायचं तर कुणीतरी हात घालून ते उचलावं लागतं.

मी मुलींना फक्त लक्ष्मी दाखवून थांबणार होते. सातवीतल्या एकीने विचारलं, "टीचर, अंदर क्या है?"

क्षणभर अडखळले. मग सांगितलं.

वर्ग गप्प झाला. दीनमध्ये जहेज नाही, मेहर आहे, हे आपण जलशांत ऐकतो, माना डोलावतो. घरी येऊन शटर ओढून घेतो. त्या दिवशी मला अब्बांची वही आठवली. ती आम्ही बहिणींनी वेळीच उघडायला हवी होती.