हेलिकॉप्टर जागेवर, जमीन फिरती

टाइम वॉर्नर इंटरॅक्टिव्हने १९९४ साली बाजारात आणलेला ‘रेड झोन’ हा व्हिडिओ गेम आज दुकानात मिळत नाही. तो ज्यावर चाले, ते सेगा मेगा ड्राइव्ह हे गेमयंत्र केव्हाच मागे पडलं. तो घडवणारी झायरिंक्स ही डेन्मार्कची मंडळीही त्या नावाने उरली नाही. त्या खेळाला आणि त्यामागच्या जिद्दीला हा मुजरा.

खेळात लढाऊ हेलिकॉप्टर घेऊन शत्रूच्या मुलखावर उडायचं आणि मध्येच उतरून पायी तळात शिरायचं. पण डोळे खिळतात ते जमिनीवर. आपण वळलो की हेलिकॉप्टर पडद्यावर तसंच राहतं आणि खालचा सगळा मुलूख त्याच्याभोवती फिरतो.

मेगा ड्राइव्हला हे मुळात येतच नव्हतं. त्याची चित्रचिप ८ बाय ८ ठिपक्यांचे चौकोन मांडून देखावा उभा करी. तो देखावा सरकवता येई, फिरवता येत नसे. प्रतिस्पर्धी सुपर निन्टेंडोत फिरवण्याची सोय चिपमध्येच होती. झायरिंक्सने हे काम साडेसात मेगाहर्ट्झच्या मोटोरोला ६८००० प्रोसेसरकडून, ६४ केबी मुख्य मेमरीत करवून घेतलं. अमिगा संगणकावर यंत्राची कमाल दाखवणारे डेमो लिहिता लिहिता तयार झालेली ही पोरं. यंत्र पिळून काढणं त्यांच्या हाडात होतं. सीडी नसताना कॅसेटीतूनच त्यांनी सुरुवातीला चलचित्र दाखवलं. वर येस्पर क्यूडचं संगीत.

शॉ वॉलेस कंपनीने १९९५मध्ये मेगा ड्राइव्ह भारतात आणलं, तेव्हा त्याची किंमत १८,००० रुपये होती. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरच्या आमच्या अणदूरला तेवढ्या पैशाचा खेळ कोण घेणार? गावात आली ती स्वस्तातली नकली टीव्ही गेम. कॅसेट फुंकून लावायची आणि लाइट असेपर्यंत खेळायचं. ‘रेड झोन’ आमच्यापर्यंत पोचला तो फार उशिरा, कॉम्प्युटरवर, जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या एम्युलेटरमधून. तरी त्याची किंमत लगेच कळली, कारण गरीब यंत्राला काय झेपतं आणि काय नाही हे त्या नकली पेटीने आम्हाला पक्कं शिकवलं होतं.

हेलिकॉप्टरच्याच ‘डेझर्ट स्ट्राइक’ या खेळाची आठवण आजही निघते, ‘रेड झोन’ची क्वचित. पण झायरिंक्स संपल्यावर तिच्यातल्याच मंडळींनी १९९८मध्ये कोपनहेगनला आयओ इंटरॅक्टिव्ह या स्टुडिओचा पाया घातला आणि २००० साली त्यांचा ‘हिटमॅन’ हा खेळ आला. त्यालाही संगीत क्यूडचंच होतं.

गावातली पोरं आज जुन्या लॅपटॉपवर प्रोग्रामिंग शिकतात. ‘हिटमॅन’ त्यांना ठाऊक असतो. मी त्यांना त्याआधीचा हा खेळ दाखवतो आणि विचारतो, फिरवण्याची सोय नसलेल्या यंत्रावर जमीन कशी फिरवाल? कागदावर गणित मांडायला बसतात ती. झायरिंक्सला याहून चांगली श्रद्धांजली मला सुचत नाही.