काकूंचा फ्रिज

एका घरात दुसरा फ्रिज येणे आणि एका घरात दुसरी चूल पेटणे, या दोन गोष्टींत आमच्या पिढीला अजूनही फारसा फरक करता येत नाही. दूरचित्रवाणी संच प्रत्येक खोलीत आला तरी कोणाला काही वाटत नाही. भ्रमणध्वनी तर माणशी एक झाला. पण फ्रिज म्हणजे अन्न, आणि अन्न वेगळे झाले की घर वेगळे झाले, असे मनात कुठेतरी पक्के बसलेले असते. म्हणून तळमजल्यावर राहणाऱ्या आमच्या काकूंसाठी एक लहानसा, बेताच्या किमतीचा फ्रिज घ्यावा असे आम्ही योजिले, तेव्हा हा विषय केवळ खरेदीपुरता राहणार नाही याची आम्हांला कल्पना होती.

काकूंचे वय ७८. इंदूरचे आमचे घर दुमजली. स्वयंपाकघर, जेवणाचे टेबल आणि जुना मोठा फ्रिज ही सारी मंडळी वरच्या मजल्यावर. काकूंच्या गुडघ्यांनी जिन्याच्या १७ पायऱ्यांशी केव्हाच काडीमोड घेतलेला. तेव्हा जेवणाचे ताट खाली जाते, चहा खाली जातो, आणि काकूंचे इन्सुलिनही दोन वेळा खाली जाते व पुन्हा वर येते. वापरात असलेली कुपी तीस अंशांच्या आत बाहेर ठेवली तरी सुमारे चार आठवडे चालते, हे आम्ही जाणून आहोत. परंतु माळव्यातल्या वैशाखाला हे कोणी सांगावे? बाहेर पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा काकूंच्या खोलीतही तो पस्तिशीच्या खाली उतरत नाही. न उघडलेल्या कुप्यांना तर २ ते ८ अंश सेल्सिअसची मर्यादा आहे, आणि ती दोन्ही बाजूंनी कडक आहे. उष्णतेने इन्सुलिन हळूहळू निकामी होते. गोठले तर ते टाकूनच द्यावे लागते.

हे दुसरे वाक्य आमच्या घराने महागात शिकले. मागच्या उन्हाळ्यात कलिंगडाला जागा करून देण्यासाठी काकूंची डबी कोणीतरी फ्रिजमध्ये अगदी मागे सरकवली. मागे थंड हवेचा झरोका असतो. कुपी गोठली, पुढे कोणी डबी ओढल्यावर वितळली, आणि डोळ्यांना काही वेगळे दिसेना. काकूंची साखर चढू लागली. मात्रा वाढवली गेली. मग ती कुपी संपली, नवी, चांगली कुपी सुरू झाली, मात्रा मात्र वाढीवच राहिली. तिसऱ्या दिवशी पहाटे काकू घामाने डबडबलेल्या, बोलणे अडखळलेले, अशा स्थितीत सापडल्या. साखरेचे पाणी पोटात गेल्यावर अर्ध्या तासात त्या सावरल्या आणि ‘‘देव्हाऱ्यातली समई लावली का रे?’’ असे विचारत्या झाल्या. डबी कोणी सरकवली याची चौकशी घरात झाली नाही. ज्या फ्रिजचे दार दिवसातून चाळीस वेळा उघडते, त्यात एका माणसाचे औषध सुरक्षित राहील ही अपेक्षाच वावगी होती.

तरीही निर्णय सोपा नव्हता. काकूंचा मुलगा पुण्यास असतो. त्याला दूरध्वनीवरून बेत सांगितला तेव्हा तो क्षणभर गप्प झाला आणि म्हणाला, ‘‘दादा, आईला वेगळं काढताय का?’’ त्याचा स्वर रागाचा नव्हता, म्हणूनच तो अधिक लागला. आम्ही त्याला ती पहाट सांगितली. तोवर ती त्यास कोणी सांगितली नव्हती, कारण काकूंनीच तशी ताकीद दिली होती.

असो. खरेदीकडे वळू. आमच्या शहरात विजेच्या वस्तूंसाठी महाराणी रोडचे नाव घेतात. तेथे जाऊन लहान फ्रिज मागितला की दुकानदार ‘बार फ्रिज’ म्हणतो. आम्ही तो शब्द घरी येऊन काकूंपुढे उच्चारला मात्र, त्या चमकल्या. त्यांच्या लेखी बार दोनच : एक बंदुकीचा आणि दुसरा आमच्या दिवंगत काकांच्या गालातला, तंबाखूचा. तिसऱ्या बारची ओळख करून दिल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, ‘‘म्हणजे उतारूंच्या खोलीत ठेवतात तो? मग बरोबरच आहे. मीही आता उतारूच.’’ या वाक्यावर आमच्या सौभाग्यवती उठून आत गेल्या.

तर हे लहान फ्रिज. बाहेरून सारे सारखे दिसतात, चौकोनी, गोजिरे. परंतु त्यांच्या पोटात तीन भिन्न विद्या नांदतात आणि फसगत होते ती येथेच. पहिली विद्या पेल्तिए नावाच्या, मूळच्या घड्याळांच्या व्यवसायातल्या, फ्रेंच गृहस्थाची. दोन निरनिराळ्या धातूंच्या सांध्यातून वीज वाहवली की एक सांधा गार होतो व दुसरा तापतो, हे त्याने १८३४ मध्ये दाखवून दिले. यात कॉम्प्रेसर नाही, वायू नाही, घरघर नाही; फार तर एका पंख्याची कुजबुज. वजन इतके कमी की एका हाताने उचलावा. २०१० च्या सुमारास गोदरेजने ‘छोटूकूल’ नावाचा ४३ लिटरचा, ८ किलोहून कमी वजनाचा, वरून उघडणारा डबा याच तत्त्वावर काढला होता. ज्यांच्या घरात फ्रिज नाही त्यांच्यासाठी तो होता. कल्पना देखणी होती. थंड हवा जड असते, म्हणून वरचे झाकण उघडले तरी ती सांडत नाही, ही त्यातली अक्कल आम्हांला आजही आवडते. पण या विद्येची एक मर्यादा आहे : असा डबा भोवतालच्या हवेपेक्षा फार तर पंधरा-वीस अंश गार होतो. डिसेंबरात इंदूरला तो उत्तम फ्रिज आहे. मे महिन्यात ते पाणी गार करण्याचे कपाट आहे. चाळिसातून वीस वजा केले तर किती उरतात, हे गणित दुकानात कोणी मांडून दाखवीत नाही. चेहऱ्याची प्रसाधने ठेवण्यासाठी म्हणून हल्ली जे चार-सहा लिटरचे गुलाबी डबे विकतात, तेही याच जातीचे.

दुसरी विद्या अमोनियाची. स्टॉकहोमच्या दोन विद्यार्थ्यांनी, फॉन प्लाटेन आणि मुन्तेर्स यांनी, १९२२ मध्ये उष्णता देऊन थंडी निर्माण करणारा, एकही हलता भाग नसलेला फ्रिज रचला. तो पूर्ण मुका असतो, म्हणून निजायच्या खोलीत चालतो, म्हणून हॉटेलांचा लाडका. पण खातो फार, आणि तीव्र उन्हाळ्यात त्याचाही जीव मेटाकुटीला येतो.

तिसरी विद्या आपल्या सर्वांच्या परिचयाची, कॉम्प्रेसरची. १९५८ मध्ये गोदरेजने देशी फ्रिज बाजारात आणला तेव्हापासून हैदराबादच्या आल्विनपर्यंत, आणि आजच्या सर्व मोठ्या फ्रिजांपर्यंत, हीच चालत आली आहे. थोडी घरघर करते, थोडी थरथरते, पण बाहेर त्रेचाळीस अंश असताना आत पाच ठेवण्याची धमक तिच्यातच आहे. वास्तविक येथे आमचा निर्णय व्हायला हवा होता. पण अडचण निराळी होती. दुकानदारास आम्ही विचारले, आत तापमान नेमके किती राहील? तो सज्जन माणूस होता. हसून म्हणाला, ‘‘बाबूजी, कूलिंग की गारंटी है, टेम्परेचर की नहीं.’’

या एका वाक्यासाठी आम्ही त्याचे आभारी आहोत. स्वस्त फ्रिजवर १ ते ७ असे आकडे कोरलेली एक चकती असते; ते अंश नव्हेत, ती केवळ कमी-अधिकची भाषा. त्यातही ४५-५० लिटरच्या घनाकृती फ्रिजमध्ये वरच्या कोपऱ्यात बर्फाची एक पेटी असते, आणि एवढ्याशा जागेत काहीही ठेवले तरी ते त्या पेटीच्या शेजारीच येते. पाण्याची बाटली जास्त गार झाली तर कोणाचे बिघडत नाही. काकूंच्या कुपीचे बिघडते, आणि मग काकूंचे. शिवाय हा घन जमिनीवर ठेवला की त्यात डोकावण्यासाठी वाकावे लागते. ज्या गुडघ्यांसाठी हा सारा खटाटोप, त्यांनाच पुन्हा शिक्षा. म्हणून आम्ही एक पायरी वर चढलो आणि ९५ लिटरच्या आसपासचा, कमरेएवढ्या उंचीचा फ्रिज पाहिला. पेटीपासून दूर असा एक मधला कप्पा त्यात खराखुरा असतो. किमतीत दोन-अडीच हजारांचे अंतर पडले. आमच्या निवृत्तिवेतनाने ते सोसले.

विजेविषयीही एक भ्रम फिटला. लहान फ्रिज म्हणजे लहान बिल, असे आम्ही धरून चाललो होतो. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या लेबलावर वर्षाचे युनिट छापलेले असतात, ते आम्ही चष्मा पुसून वाचले. आम्ही पाहत होतो त्या फ्रिजवर १६० च्या आसपास आकडा होता, आणि शेजारी उभ्या असलेल्या १८० लिटरच्या फ्रिजवरही त्याहून फार निराळा नव्हता! पेल्यातला चहा किटलीतल्या चहापेक्षा आधी निवतो, तोच न्याय येथे उलट्या बाजूने लागू होतो. भांडे लहान तितका त्याचा पृष्ठभाग आतल्या मालाच्या मानाने मोठा, आणि बाहेरची ऊब त्या पृष्ठभागातूनच आत शिरते. स्वस्त फ्रिजच्या भिंतीही पातळ. म्हणून केवळ काटकसरीसाठी बार फ्रिज घेऊ पाहणाऱ्या वाचकांनी तारे न मोजता युनिट मोजावेत, आणि लेबल कोणत्या सालाचे आहे तेही पाहावे. ताऱ्यांचे निकष काही वर्षांनी कडक होतात आणि कालचे चार तारे आज तीन होऊन बसतात.

येथे कोणी म्हणेल, माठाचे काय? आमच्या लहानपणी काकूच ओल्या वाळूत माठ पुरून त्यावर ओले फडके टाकीत. वांकानेरच्या मनसुखभाई प्रजापतींनी तर मातीचा, विजेविना चालणारा फ्रिज घडवला आणि तो दूरवर गेला. वीज नसेल तेथे वापरातल्या कुपीसाठी माठ हा खरोखर चांगला आसरा आहे. पण बाष्पीभवनाची ही किमया कोरड्या हवेची मिंधी असते. चैत्रवैशाखात ती रंगते, आषाढ लागला की हवाच ओली होते आणि माठ रुसतो. काकूंना हे आमच्यापेक्षा अधिक ठाऊक होते. ‘‘माठ वर्षातून चार महिने प्रामाणिक असतो,’’ त्या म्हणाल्या.

अंतिम निवड त्यांनीच करावी असा आमचा आग्रह होता. रिक्षातून त्यांना दुकानी नेले. त्यांनी लिटर विचारले नाहीत, तारे विचारले नाहीत. दार दोनदा उघडून मिटले आणि मग दाराच्या कडेला हात फिरवून विचारले, ‘‘याला कुलूप आहे का?’’ होते. यांतल्या कित्येकांना हॉटेलांच्या सोयीसाठी कुलूप असते. काकूंनी किल्ली फिरवून पाहिली आणि मान डोलावली. आमच्या सौभाग्यवतींचा चेहरा उतरला; पुण्याच्या दिराचे शब्द खरे होऊ पाहत होते. घरी येईपर्यंत रिक्षात कोणी बोलले नाही.

फ्रिज आला. टेम्पोत तो थोडा कलला होता, म्हणून कॉम्प्रेसरमधले तेल आपल्या जागी परतावे यासाठी काही तास तसाच उभा ठेवला. भिंतीपासून वीतभर पुढे ओढला; त्याच्याही पाठीला वारा लागतो. मग पेलाभर पाण्यात थर्मामीटर उभा करून दोन दिवस नुसती टेहळणी केली. बर्फाच्या पेटीखाली पाणी गोठले, दारात ९ अंश, मधल्या कप्प्यात ५. चकती ३ वर स्थिरावली. वीज गेली तर गारवा काही काळ टिकावा म्हणून पाण्याच्या दोन भरल्या बाटल्या तळाशी कायमच्या नांदू लागल्या. तेव्हा कोठे इन्सुलिनची डबी, फडक्यात गुंडाळून, मधल्या कप्प्यात गेली. थर्मामीटर आजही तेथेच आहे. काकू सकाळ-संध्याकाळ तो वाचतात आणि दुधाच्या हिशेबाच्या जुन्या वहीत आकडा टिपून ठेवतात.

आणि कुलूप? किल्ली देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला टांगलेली असते, घरातल्या सर्वांत लहान पोराचाही हात पोचेल इतक्या खाली. आमच्या सौभाग्यवतींनी अखेर धीर करून विचारलेच, की मग कुलपाचा उपयोग काय? काकू म्हणाल्या, ‘‘अगं, पोरं दार उघडं टाकून पळतात, औषध बिघडतं. आता किल्लीला माझ्यासमोरून जावं लागतं. जाताना दोन शब्द बोलतात.’’ त्यासाठी त्या आत काहीबाही ठेवतात. श्रीखंडाची वाटी, आंबावडी, उन्हाळ्यात पन्हे. वरच्या मोठ्या फ्रिजमध्ये याहून अधिक पदार्थ असतात, परंतु पोरांची वर्दळ खालीच असते, आणि पेटीतल्या चिमुकल्या बर्फासाठी त्यांची भांडणेही तेथेच होतात.

एक गोष्ट तेवढी आम्हांला अवघड वाटली होती. वर्षाला १६० युनिट, युनिटला सात रुपये धरले तर महिन्याला शंभराच्या आतच पडतात, हे गणित आम्ही सहज बोलून गेलो होतो. ते काकूंनी ऐकले. तेव्हापासून दर १ तारखेला, कौटुंबिक निवृत्तिवेतन जमा झाले की, त्या शंभराची एक नोट घडी करून आमच्या चहाच्या बशीखाली ठेवतात. पहिल्या महिन्यात सौभाग्यवतींनी खुणेने आम्हांला बजावले की घ्यायची नाही. आम्ही ती घेतली. अजूनही घेतो.